संप मिटला, मेहरबाई बसून राहिल्या

बातमी आली तेव्हा मी वर्गावर होते. मेहरबाईंच्या मालकांचा, सलीमभाईंचा फोन शाळेच्या वेळेत कधी येत नाही, म्हणून खडू खाली ठेवून व्हरांड्यात आले. ते म्हणाले, "बेटा... बाई गेल्या." सकाळची नमाज झाल्यावर अंगणातल्या झाडांना पाणी घालत होत्या, घालता घालता पायरीवर टेकल्या आणि तिथंच कलल्या. डॉक्टरांपर्यंत नेईतो सगळं संपलं होतं. मी परत वर्गात गेले, पण पोरांना काय सांगावं ते कळेना. आत्ताच्या पोरांनी मेहरबाईंना पाहिलेलंही नाही. तरी सांगितलं, "मोठ्या बाई गेल्या." त्यातली दोन पोरं उठून घराकडं पळाली, आणि शाळेला कुलूप लावून मी रस्त्यावर येते तो खडकवस्तीवरची माणसं टेम्पोत बसून माझी वाट बघत होती. ज्यांना बाईंनी हात धरून अक्षरं गिरवायला लावली होती, ती माणसं आता बापाच्या वयाला आलेली. त्यांच्या जोडीला धोतर सावरत बसलेले म्हातारे मल्हारीतात्या होते. टेम्पो भूमला, बाईंच्या घराकडं निघाला.

त्याला आता दीड महिना होत आला. मेहरुन्निसाबाई खडकवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत मोठ्या बाई होत्या आणि मी धाकटी बाई. शाळाच मुळात दोन शिक्षकी. गावातली पोरं आम्हाला कधी नावानं ओळखत नव्हती. बाई भूममधल्या. त्यांच्या मालकांचं, म्हणजे सलीमभाईंचं, बाजाराच्या रस्त्याला शिवणकामाचं दुकान होतं. तालुक्यातल्या अर्ध्या शाळांचे गणवेश त्यांच्या मशीनवरून गेलेले. बाई रोज सकाळी एसटीनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून वस्तीपर्यंत इतक्या भराभर चालायच्या की माझ्यासारखी तरणी बाई मागं पडायची. मी रुजू झाले त्या दिवशी वर्गात गोंधळ झाला म्हणून मी जोरात ओरडले. सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. "आवाज चढवला की पोरं नुसता आवाज ऐकतात," त्या म्हणाल्या, "बोलणं न्हाय ऐकत." एवढं सांगून आपला डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. खिमा होता त्यात, आणि मी माळकरी घरातली. मी नको म्हटल्यावर त्यांनी विचारलं नाही, रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून आणू लागल्या. पुढं कितीतरी वर्षं ते फडकं येत राहिलं.

मी कंत्राटी होते. वाचणाऱ्यांपैकी जे या खात्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते : काम तेच, वर्ग तेवढेच, निवडणुकीची नि जनगणनेची ड्युटीही तीच, फक्त बाईंना मिळायचा तो पगार आणि मला मिळायचं ते मानधन. तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. वर्ष संपलं की नेमणूक पुन्हा काढायची, ती निघेपर्यंत जीव टांगणीला. माझे वडील मेंढरं राखायचे. मी शिकले म्हणून घरात केवढी अपूर्वाई. "आमची वैशाली मास्तरीण झाली" असं आई चार बायांत सांगायची, आणि मी घरी रिकाम्या हातानं जायचे. बाईंना मी यातलं कधी काही बोलले नव्हते. त्यांनीही विचारलं नव्हतं. शिमग्याच्या सुट्टीत मी माहेरी जाऊन शेजारच्यांच्या रानात ज्वारी काढायला रोजानं गेले. ज्वारीची ताटं मुळासकट उपटायची असतात, सवय नसली की तळहात सोलवटून निघतात. सोमवारी शाळेत आले तर खडू धरवेना. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि हात झटकला, तो बाई दारात उभ्या. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. "कुठं गेलतीस?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि उरलेला फळा स्वतः लिहून काढला. माझ्याकडं पाठ करून, सबंध वेळ.

त्याच दिवसांत देशभरातल्या शिक्षकांच्या संपाची हाक आली होती. मागण्या पगाराच्या होत्या, त्यात एक मागणी आम्हा कंत्राटी लोकांची : समान कामाला समान पगार. बाईंचा संपाला पहिल्यापासून विरोध होता. तालुक्याचे पुढारी शिक्षक दोनदा त्यांच्याकडं येऊन गेले होते, आणि बाईंनी दोन्ही वेळा चहा पाजून त्यांना वाटेला लावलं होतं. वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय, पोरांचं काय करू, एवढंच त्यांचं म्हणणं. माझा हात पाहिला त्या संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या असताना त्या एकदम म्हणाल्या, की त्या संपावर जाणार आहेत. मी म्हटलं, मी पण येते. तर म्हणाल्या, "तू येऊ नको. मला फार तर नोटीस येईल, तुझं पोटच जाईल." पण ज्या मागणीसाठी त्या चालल्या होत्या ती माझीच होती, ती त्यांच्या खांद्यावर टाकून मी घरी कशी बसणार? यावर आमची एसटी येईपर्यंत चांगली वादावादी झाली. शेवटी त्या म्हणाल्या, ये बाई, पण माझ्या शेजारी राहायचं.

पहिल्या दिवशी खडकवस्तीवर जाऊन आम्ही दोघींनी गावकऱ्यांना सांगितलं की शाळा बंद राहील. चोरून संप करायचा नाही, असं बाईंचं मत. मारुतीच्या पारावर माणसं जमली. त्यांत सगळ्यांत जास्त मल्हारीतात्या तापले. त्यांची तीन नातवंडं शाळेत. तात्यांचा आवाज तसा हळू, पण त्या दिवशी ते चढ्या आवाजात म्हणाले, "बाई, आमी उनातानात मेंढरामागं फिरतो, आमास्नी कोण पगार वाढवून देतंय? तुमास्नी महिन्याच्या महिन्याला मिळतंय, तरी तुमचं रडगाणं हायच." पारावरच्या सगळ्यांनाच ते पटलं होतं. बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता त्या माझा हात धरून तात्यांना दाखवतील. तसं काही त्यांनी केलं नाही. "तुमचं खरंय तात्या," म्हणाल्या, "पण पोरगी शिकली म्हणजे तिनं अर्ध्या पोटी राबायचं का, तेवढं इचार करून सांगा." आणि आम्ही निघालो. पाठीमागून कुणीतरी काहीतरी वेडंवाकडं बोललं. बाईंनी मला वळू दिलं नाही.

धाराशिवला जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा निघाला तेव्हा सगळा रस्ता शिक्षकांनी भरून गेला होता. ऊन मी म्हणत होतं. बाई माझ्या शेजारून छत्री धरून चालल्या होत्या आणि एकही घोषणा देत नव्हत्या. पुढच्या बायकांनी चिडवलं तेव्हा म्हणाल्या, आवाज वर्गासाठी ठेवलाय. त्यानंतरचे दिवस आम्ही मंडपात बसून काढले. सरकारनं आधी लक्षच दिलं नाही. दिल्ली म्हणायची, शिक्षक हा राज्यांचा विषय. मुंबई म्हणायची, पैसा दिल्लीकडून आल्याशिवाय आम्ही काय करणार. मग परिपत्रक आलं : काम नाही तर वेतन नाही. मग घरोघरी नोटिसा आल्या. टीव्हीवर एक मंत्री हसत हसत म्हणाले की गावोगाव शिकलेली पोरं रिकामी बसलीत, त्यांना उभं करू. खरंच खडकवस्तीवर एका बारावी झालेल्या मुलाला शाळेची किल्ली दिली गेली. तो आठवडाभर पोरांकडून पाढे म्हणवून घेत राहिला आणि मग पुण्याला कामाला निघून गेला.

आणि एका दुपारी संप मिटला. पुढाऱ्यांना चर्चेला बोलावलं गेलं, ते हार घालून बाहेर आले. कायम शिक्षकांच्या वेतनासाठी समिती नेमणार, संपाचे दिवस रजेत धरणार, कुणावर कारवाई नाही. मंडपात गुलाल उडाला. कंत्राटी शिक्षकांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं की तो विषय विचाराधीन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या फाट्यावर उतरून शाळेत गेलो. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवरचे साहेब, आधीच येऊन बसले होते. त्यांनी बाईंपुढं हजेरीपट सरकवला आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, की संपात गेलेल्या कंत्राटी लोकांच्या नेमणुका संपुष्टात आणल्यात, यांना सही करता येणार नाही. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. बाईंनी पेनाचं टोपण काढलेलं होतं. ते परत लावलं, पेन पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाल्या, "चल."

मला वाटलं, मला एसटीत बसवून त्या परत शाळेत जातील. त्या माझ्यासोबत भूमला आल्या आणि थेट पंचायत समितीत गेल्या. शिक्षणाच्या साहेबांची केबिन कोपऱ्यात होती. बाहेर बोळात एक लाकडी बाकडं. साहेबांनी आत बोलावून समजूत घातली. तुमचा काही प्रश्न नाही बाई, तुम्ही शाळेवर जा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी दारात उभी होते, म्हणून बाई काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं. "साहेब, माझ्या शाळेत दोन शिक्षक आहेत. दुसरी कधी येणार तेवढं सांगा. दोघी मिळून जाऊ." साहेब म्हणाले, ते माझ्या हातात नाही, वरून ठरेल. बाई म्हणाल्या, मग वरून ठरेपर्यंत मी बाहेर बसते.

आणि त्या बसल्या. उपोषण नव्हतं, दुपारी डबा खायच्या. फलक नव्हता, घोषणा तर नव्हत्याच. कचेरी उघडायच्या वेळी शाळेची साडी नेसून यायच्या आणि बंद झाली की घरी जायच्या. कुणी विचारलं की हे काय आंदोलन आहे का, तर म्हणायच्या, न्हाय, मी वाट बघतेय. रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं म्हणून दुकानातले गणवेश काज-बटणाला घेऊन यायच्या. आठ-पंधरा दिवसांत कचेरीतल्या शिपायाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणही त्यांनी लावून दिलं. मी त्यांच्याजवळ बसायचे. लाज वाटायची, भीती वाटायची. रोज म्हणायचे, बाई तुम्ही जा, माझं काय व्हायचं ते होईल. एकदा मी रडायला लागले तेव्हा त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "तुझ्याशिवाय मी त्या पोरांपुढं जाऊन उभी राहिले, आणि त्यांनी धाकट्या बाई कुठं गेल्या म्हणून विचारलं, तर काय शिकवू त्यांना?"

सलीमभाई मात्र हबकले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, मुलगी सोलापूरला नर्सिंग शिकत होती. ते दुकान बंद करून पंचायत समितीत आले ते बाईंना घरी न्यायलाच. बाकड्याच्या टोकाला बसून त्यांनी दबक्या आवाजात पुष्कळ समजावलं. माझ्यादेखत दोघांचं भांडण नको म्हणून मी उठायला लागले, तर बाईंनी मला हातानं बसवलं. त्या सलीमभाईंना म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर तर घरी बसूनच राहायचंय ना? तेव्हा रोज हेच आठवत बसू का, की मी त्या दिवशी सही करून टाकली म्हणून?" सलीमभाई उठले. मग शिवलेल्या कपड्यांची चळत उचलून म्हणाले, हे तयार झालेले नेतो, उद्याचे सकाळी आणून टाकतो. त्यानंतर ते रोज यायचे. येताना कपडे आणायचे, जाताना तयार झालेले न्यायचे.

महिना उलटायच्या आत बाईंचं निलंबन झालं. आदेश साहेबांनी स्वतः बाहेर येऊन दिला. निलंबित माणसाला सरकार एक मुख्यालय ठरवून देतं, तिथं त्यानं रोज हजर राहायचं असतं. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. त्यांचं मुख्यालय पंचायत समिती, भूम असं ठरवलेलं होतं. "आता तर इथं बसायचा हुकूमच झाला," त्या म्हणाल्या. शिपाई हसला, मी हसले, साहेबसुद्धा तोंड फिरवून आत गेले. पण त्या संध्याकाळी घरी जाताना बाजाराच्या रस्त्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि सोडला नाही. एवढ्या नोकरीत कधी साधा मेमो मिळाला नव्हता त्यांना... लोक काय म्हणतील, असं एकदाच म्हणाल्या.

निलंबनाची बातमी तालुक्यात पसरली तसे माझ्यासारखे घरी बसवलेले कंत्राटी शिक्षक एकेक करून येऊ लागले. एक बाकडं पुरेना, माणसं भिंतीला टेकून खाली बसू लागली. बाईंचं सगळ्यांना एकच सांगणं : ओरडायचं नाही, कुणाची वाट अडवायची नाही. आणि एका सकाळी पंचायत समितीच्या आवारात टेम्पो येऊन उभा राहिला. मागचं फळकूट पडलं आणि खडकवस्तीची सगळी पोरं दप्तरासकट खाली उतरली. पाठोपाठ त्यांचे आई-बाप. सगळ्यांच्या पुढं मल्हारीतात्या. त्यांनी शाळेला टाळं ठोकून किल्ली कनवटीला लावली होती. बाई घाबरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर आपल्याला बोलणार. तात्या त्यांच्यापाशी न थांबता केबिनच्या दाराशी गेले आणि आतल्या माणसाला म्हणाले, "सायेब, आमची शाळा आजपासनं इथंच भरंल. आमच्या दोनी बाया हितंच हायेत. म्या एकीला घिऊन जाणार न्हाय."

पोरं आवारातल्या लिंबाखाली बसली. गलका तर होणारच. बाई बाहेर आल्या, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि आवार हळूहळू गप्प झालं. रांगा धरल्या गेल्या. परिपाठ झाला, राष्ट्रगीताला कचेरीतली माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. मग मोठ्या बाईंनी तिसरी-चौथी घेतली आणि धाकट्या बाईंनी पहिली-दुसरी. निलंबित बाई आणि काढून टाकलेली बाई. कुणीतरी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी ते पेपरात आले. शाळा तिथं पुढचे काही दिवस भरत राहिली. खिचडीसुद्धा वस्तीवरून शिजून टेम्पोतून यायची. दुपारच्या वेळी तात्या माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, बाईंनी पारावर जे इचारलं त्याचा म्या लई इचार केला. माझी नात तुझ्यागत मास्तरीण व्हायचं म्हणतीय.

शेवटी जिल्ह्याहून माणसं आली आणि तालुक्यातल्या आम्हा सगळ्यांना पुढील आदेश होईपर्यंत कामावर घ्यायचं ठरलं. देशात, राज्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. समिती बसली, तिला मुदतवाढ मिळत गेली, मानधन थोडं वाढलं, आणि मला कायम व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. बाईंचं निलंबन मात्र लगेच उठलं नाही. मी शाळेत परत गेले आणि त्या बाकड्यावर राहिल्या. खातेनिहाय चौकशी झाली. त्या परत शाळेत आल्या तेव्हा पुढचं शैक्षणिक वर्ष अर्धं सरलं होतं. वेतनवाढ रोखली गेली, निलंबनाचा काळ सेवेत धरला गेला नाही, आणि निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांनी त्याच कारणासाठी त्यांना कितीतरी हेलपाटे मारायला लावले. जे पुढारी संपात उतरा म्हणून दोनदा त्यांच्या दारी आले होते, त्यांतला कुणीही त्या हेलपाट्यांत सोबत नव्हता. याचा राग मला अजूनही येतो. बाईंना आला असेल तर त्यांनी तो मला दिसू दिला नाही.

मला कायम केल्याची ऑर्डर मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी पेढा घेतला, माझा हात हातात धरून उलटा केला आणि तळव्यावरून बोट फिरवलं. "भरून आलं चांगलं," एवढंच म्हणाल्या... माझ्या आईनंही तो हात कधी उलटा करून पाहिला नव्हता.

बाईंना भूमच्या कबरस्तानात माती दिली. आम्ही बायका घराच्या दारातच उभ्या होतो. मल्हारीतात्या पुरुषांबरोबर कबरस्तानात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हाताला माती होती. ती त्यांनी बराच वेळ झटकली नाही.

चाळिसाव्या दिवशी मी पुन्हा गेले. बाईंसाठी फातिह्याची दुआ होऊन पाहुणे पांगले. सलीमभाई एकटेच होते, मी थोडी मागं थांबले. ऊन उतरलं तसे ते उठले, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि मधोमध सतरंजी अंथरली. मी म्हटलं, अजून कुणी यायचंय का? तर म्हणाले, मोहल्ल्यातली पोरं. रिटायर झाल्यापासून बाई रोज या वेळी त्यांचा अभ्यास घ्यायच्या. "आता कोण घेतं?" मी विचारलं. "कोणीच न्हाय," ते म्हणाले. "मी काय शिकवणार? मी दोन-चार दिवस दार बंद ठेवून पाहिलं. पोरं ओट्यावर बसून राहिली. मग सतरंजी टाकायला लागलो."

तेवढ्यात पोरं आलीच. दारात चपला काढून, कुणी काही न सांगता, लहान पुढं नि मोठी मागं अशी बसली आणि पुस्तकं उघडली. कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं. पहिल्या रांगेतली एक मुलगी पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून अडली होती. तिनं आधी सलीमभाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी शेवटची एसटी निघायला थोडाच वेळ होता. मी पर्स खाली ठेवली आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसले. "वाच," म्हटलं, "हळूच वाच. मला ऐकू येतंय."